कातडीखालची हवा : पाळलेल्या कोंबडीची फाटलेली वायुपिशवी आणि घरची शुश्रूषा

कोंबडीच्या मानेवर, पाठीवर किंवा मांडीजवळ एकाएकी उठलेला मऊ आणि वजनाला हलका फुगवटा हा पुष्कळदा गळू नसतो आणि पाण्याची सूजही नसते, तर शरीराच्या आतून निसटून कातडीखाली साठलेली हवा असते. ती हवा सुईने काढून टाकली की उपचार संपला, अशी जी समजूत परसात कोंबड्या पाळणाऱ्यांमध्ये आढळते, ती अर्धीच खरी आहे. फुगवटा हा आतल्या फाटीचा बाहेर दिसणारा परिणाम होय. फाट स्वतः खोलवर असते, घरच्या माणसाला ती दिसत नाही की तिला टाका घालता येत नाही, आणि ती आपली आपण भरून येईपर्यंत निसटणाऱ्या हवेला बाहेरची वाट ठेवणे व पक्ष्याच्या श्वासाला कुठलाही अडथळा होऊ न देणे, एवढेच त्याच्या हाती राहते. हे काम दिसायला किरकोळ असले तरी ते नीट करण्यासाठी कोंबडी श्वास कसा घेते हे आधी कळावे लागते, कारण घरगुती उपचारातल्या बहुतेक घातक चुका माणसाच्या श्वासाचे नियम पक्ष्याला लावल्यामुळे होतात.

माणसाच्या छातीत फुप्फुसे फुगतात आणि आक्रसतात. कोंबडीची फुप्फुसे मात्र लहान, घट्ट आणि पाठीकडच्या फासळ्यांत रुतलेली असून श्वासागणिक त्यांचा आकार जवळजवळ बदलत नाही. हवा आत ओढण्याचे आणि पुढे ढकलण्याचे काम वायुपिशव्या करतात. वायुपिशवी म्हणजे फुप्फुसाला जोडलेली, अत्यंत पातळ आणि बहुतांशी पारदर्शक पडद्याची पोकळी. तिच्यात रक्तवाहिन्या फार थोड्या असतात आणि प्राणवायू रक्तात मिसळण्याचे काम तिच्यात जवळजवळ होत नाही. पक्ष्यांत अशा नऊ पिशव्या असतात असे सामान्यतः सांगितले जाते, पण कोंबडीत मानेकडच्या दोन पिशव्या एकजीव झालेल्या असल्याने काही अभ्यासक आठच मोजतात. मानेपासून पोटापर्यंत त्या पसरलेल्या असतात, आणि गळ्याच्या बुडाशी असलेल्या पिशवीचा एक फाटा तर थेट पंखाच्या दंडाच्या हाडात शिरतो. श्वासाने आत आलेल्या हवेचा मोठा भाग आधी मागच्या पिशव्यांत जातो, उच्छ्वासाच्या वेळी तो फुप्फुसांतून पुढे सरकतो, दुसऱ्या श्वासाच्या वेळी पुढच्या पिशव्यांत पोहोचतो आणि दुसऱ्या उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. म्हणजे हवेच्या एका घोटाला शरीरातून पार होण्यास दोन श्वास लागतात आणि फुप्फुसांतला तिचा प्रवाह एकाच दिशेने चालतो.

हाडात हवा असते हे सहज पटणारे नाही, पण त्याचा पुरावा फार जुना आहे. जॉन हंटर या शल्यचिकित्सकाने १७७४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे पक्ष्यांच्या शरीरातील हवेच्या पोकळ्यांविषयी निबंध मांडला, आणि त्यासाठी केलेल्या प्रयोगांत एका कोंबडीची श्वासनलिका बांधून दंडाचे हाड कापले असता हवा त्या कापलेल्या हाडातून आत-बाहेर होत राहते, हे त्याने दाखवले. आज तो प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो, आणि यावा. तरीही त्यातून मिळालेले ज्ञान आजारी कोंबडीजवळ बसलेल्या माणसाच्या थेट उपयोगाचे आहे, कारण पंखाचे हाड मोडलेल्या कोंबडीच्या खांद्याभोवती हवा का साठते, याचे उत्तर त्यातच आहे. अशा कोंबडीचा फुगवटा रिकामा करून भागत नाही. मोडलेला पंख शरीराशी नीट मिटवून स्थिर केल्याशिवाय हवेची गळती थांबत नाही.

पिशवी फाटण्याची कारणे परसात बहुधा उघड असतात. भटक्या कुत्र्याने तोंडात धरणे, मुंगसाने किंवा मांजराने झडप घालणे, खुराड्याच्या दारात चेंगरणे, दोन कोंबड्यांची झुंज, उंच दांडीवरून अंग टाकताना कशावर तरी आपटणे, आणि लहान मुलाने प्रेमाने छातीशी घट्ट आवळणे, हे सगळे प्रकार या एकाच परिणामाकडे नेऊ शकतात. श्वसनाच्या दीर्घ आजारात पिशव्यांचा पडदा जाड आणि ठिसूळ होतो व तो आतून फाटतो, हे कारण मात्र बाहेरून दिसत नाही. कोंबडी महिनाभर शिंकत किंवा घरघरत असेल आणि मग फुगवटा आला असेल, तर मूळ आजाराकडे आधी लक्ष द्यावे लागते. पाश्चात्त्य देशांत मांसासाठी कोंबड्यांचे नर खच्ची करण्याची जुनी रीत आहे. त्यात शेवटच्या फासळ्यांमधून आत शिरताना पोटाकडची वायुपिशवी छेदावीच लागते, आणि त्यानंतर कातडीखाली हवा साठणे हा त्या धंद्यातला इतका नेहमीचा प्रकार आहे की सुईने टोचून ती सोडावी, अशी सूचना त्या विषयाच्या जुन्या हस्तपुस्तिकांत सर्रास आढळते. घरगुती उपचाराविषयी आज जे सांगितले जाते त्याचा बराचसा भाग त्या व्यवसायातून आला आहे. तेथे पक्षी शेकड्याने असत आणि एखादा दगावला तरी हिशेब चुकत नसे. एकच कोंबडी जीव लावून पाळणाऱ्याने तो सल्ला जसाच्या तसा उचलू नये.

फुगवटा हवेचाच आहे हे ठरवणे ही पहिली पायरी असून ती बोटांनी होते. हवेच्या फुगवट्यावर बोटांची टोके हलकेच दाबत नेली की कातडीखाली कुरमुरे दबल्यासारखी बारीक करकर जाणवते, भाग थंडही लागत नाही आणि फार गरमही लागत नाही, आणि अंधारात एका बाजूने बॅटरी लावली तर कातडी उजळून तिच्यातल्या शिरा स्वच्छ दिसतात. गळ्याच्या पुढच्या बाजूला, किंचित उजवीकडे असलेला फुगवटा मात्र अन्नपिशवीचा असू शकतो. अन्नपिशवी म्हणजे गिळलेले दाणे काही काळ साठवणारा अन्ननलिकेचा फुगीर भाग, आणि ती तुंबली तर कणकेसारखी दाबली जाते किंवा आत पाणी हलते. तिच्यात सुई खुपसणे हा गंभीर अपघात ठरतो. पोट खाली लोंबते आहे आणि दाबल्यावर पाणी हलते आहे, तर तो वेगळाच आजार होय. सर्वांत मोठी सावधगिरी मात्र एका अवस्थेबाबत बाळगावी लागते : करकर हाताला लागते, पण कातडी काळपट-जांभळी पडली आहे, ओलसर आहे, तिला कुजका वास येतो आणि कोंबडी मलूल होत चालली आहे, तर ती हवा वायुपिशवीतली नसून ऊतींमध्ये वाढणाऱ्या जंतूंनी तयार केलेला वायू असण्याची शक्यता असते, आणि तेथे घरच्या उपचारात घालवलेला प्रत्येक तास तिच्या जिवावर उठतो.

कोकणातल्या एका घरी मागीलदारी पाळलेल्या गावठी तलंगेच्या बाबतीत हा सगळा क्रम जवळून पाहायला मिळाला. कुत्र्याच्या तोंडातून सुटलेल्या त्या तलंगेच्या पाठीवरची पिसे गेली होती, रक्त नावापुरतेच होते, आणि संध्याकाळपर्यंत उजव्या खांद्यापासून मांडीपर्यंतची कातडी शरीरापासून सुटून वर आली होती. पक्ष्याची कातडी पातळ असते आणि खालच्या स्नायूंना सैलसर चिकटलेली असते, त्यामुळे निसटलेली हवा एका जागी न थांबता अशी दूरवर पसरते. पाळणाऱ्या बाईंनी पशुधन पर्यवेक्षकांना फोन लावला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न फुगवट्याविषयी नव्हता. “ताई, तिला हातात घेऊ नका, आधी लांबून शेपटी बघा,” असे त्यांनी सांगितले. शेपटी प्रत्येक श्वासाला खाली-वर होत असेल, चोच उघडी असेल, मान पुढे ताणलेली असेल किंवा तुरा निळसर पडला असेल, तर पक्षी श्वासासाठी झगडत आहे असे समजावे आणि धरपकड न करता त्याला अंधाऱ्या, उबदार, शांत जागी ठेवून तातडीची मदत शोधावी. या तलंगेची शेपटी स्थिर होती, ती दाणे टिपत होती, तेव्हा रात्रभर तिला डालग्याखाली विश्रांती देऊन सकाळी पर्यवेक्षकांनी येऊन सुई वापरावी असे ठरले. पुष्कळ लहान फुगवट्यांना सुईची गरजही पडत नाही. आतली फाट बुजली की साठलेली हवा शरीर हळूहळू शोषून घेते. हवा इतकी वाढली की चालता-बसता येत नाही, मान वळवता येत नाही किंवा कातडी ताणून चकाकू लागते, तेव्हाच ती सोडण्याला अर्थ असतो.

कोंबडी धरण्याची रीत हा या उपचाराचा गाभा आहे, हे त्या सकाळी स्पष्ट दिसले. सस्तन प्राण्यांत छाती आणि पोट यांच्यामध्ये जे श्वासपटल असते, ते पक्ष्यांत नसते. कोंबडीची उरोस्थी, म्हणजे छातीचे मधले धारदार हाड, खाली-पुढे सरकते तेव्हाच हवा आत येते. ते हाड हलू दिले नाही तर नाकपुड्या आणि चोच मोकळी असूनही ती गुदमरते. पर्यवेक्षकांनी तलंग टॉवेलात सैल गुंडाळून बाईंच्या मांडीवर ठेवली, पंख मिटून दोन्ही बाजूंनी तळव्यांचा आधार दिला, पाय खालून धरले आणि छाती पूर्ण मोकळी राहील असे पाहिले. फुगवट्याच्या सर्वांत उंच भागावर बॅटरीच्या उजेडात शिरा नसलेली जागा त्यांनी निवडली. मानेच्या बाजूला पिसे नसलेली पट्टी सुईसाठी सोयीची वाटते, पण तिच्याखालूनच मानेची मोठी शीर जाते, आणि पक्ष्यांत ती उजवीकडे अधिक जाड असते, म्हणून ती जागा टाळायची असते. भोवतालची चार-दोन पिसे बाजूला सारून कातडी पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने पुसली. स्पिरिट वापरले नाही, कारण ते उडताना पक्ष्याचे अंग थंड पाडते, आणि सुमारे ४१ अंश सेल्सिअस तापमानाच्या शरीराला तो थंडावा सोसत नाही.

पाकिटातून नुकतीच काढलेली निर्जंतुक सुई कातडीला जवळजवळ समांतर, तिरकी धरून फक्त कातडीपुरती आत गेली. आवाज जवळजवळ झाला नाही. सुईच्या तोंडाशी असलेले एक लव-पीस मात्र थरथरू लागले, आणि तेवढ्यावरून हवा बाहेर येत असल्याचे कळले. पर्यवेक्षकांनी फुगवटा दाबला नाही. घाईने दाबल्यास हवा छिद्राकडे न येता शेजारच्या कातडीखाली सरकते, म्हणून ते मांडीकडून सुईकडे तळहात अगदी हलका फिरवत राहिले, आणि काही वेळाने ताणलेली कातडी सैल पडून तिच्यावर बारीक सुरकुत्या उमटल्या. तलंगेने या सगळ्यात दोनदा पाय झाडले, एरवी ती डोळे उघडे ठेवून बसली होती.

दुसऱ्या सकाळी फुगवटा पुन्हा निम्मा भरला होता, आणि येथेच बहुतेक पाळणारे खचतात. उपचार फसला असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात जे व्हायचे तेच झालेले असते. सुईचे छिद्र काही तासांत मिटते, आतली फाट मात्र इतक्यात मिटत नाही, आणि दरम्यानच्या प्रत्येक श्वासाबरोबर थोडी हवा कातडीखाली उतरत राहते. म्हणून हवा वारंवार भरत असेल तर पशुवैद्य वारंवार टोचण्याऐवजी कातडीला छोटा छेद देतात, जेणेकरून ते तोंड काही दिवस उघडे राहील, आतील पडद्याला भरून येण्यास अवकाश मिळेल आणि हवा साठण्याआधीच बाहेर पडेल. हा छेद घरी ब्लेडने देऊ नये, हे निक्षून सांगितले पाहिजे. जागा, खोली आणि वेदनाशमन या तिन्ही गोष्टी त्यासाठी जाणकाराकडेच असाव्या लागतात. छेद दिल्यानंतरची राखण मात्र पूर्णपणे घरची असते : कडेला धरणारी खपली निर्जंतुक सलाईनमध्ये भिजवून पिळलेल्या कापसाने मऊ ठेवणे, माशी बसू न देणे, आणि कडा लाल, ओल्या किंवा दुर्गंधी होत नाहीत ना हे रोज पाहणे. त्या तलंगेला अखेर असा छेद द्यावा लागला, आणि त्यानंतर फुगवटा दरदिवशी थोडा कमी भरत गेला. अशा दुखण्याला काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो, ही गोष्ट आधीच ठाऊक असेल तर हात धीराने चालतात.

काही गोष्टी मायेपोटी केल्या जातात आणि त्यांनीच जीव जातो. चाव्याच्या खोल जखमेत पाणी, सलाईन किंवा औषध ओतणे ही त्यांतली सर्वांत भयंकर होय, कारण जखम वायुपिशवीपर्यंत पोहोचली असेल तर ओतलेले पाणी श्वसनमार्गात उतरते आणि कोंबडी हातातल्या हातात बुडून मरते. जखम ओल्या कापसाने बाहेरून पुसावी, धुऊ नये. हवा परत भरू नये म्हणून छातीभोवती घट्ट पट्टी बांधणे हे वर सांगितलेल्या कारणाने तितकेच घातक आहे. तेलात कालवलेली हळद जखमेवर लावण्याची घराघरांतली सवय निरुपद्रवी वाटते, पण तेल पिसांत पसरून त्यांची ऊब धरून ठेवण्याची शक्ती नष्ट करते. घरातल्या औषधांच्या डब्यातली वेदनाशामक गोळी फोडून देणे तर पूर्णपणे वर्ज्य मानावे. मेलेली जनावरे खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे ज्या डायक्लोफिनॅकमुळे निकामी होऊन त्यांचे थवेच्या थवे नाहीसे झाले आणि ज्याच्या पशुवैद्यकीय वापरावर भारताने २००६ साली बंदी घातली, तेच औषध माणसांसाठी आजही घरोघरी असते. कुत्र्या-मांजराच्या दातांची जखम कितीही बारीक दिसली तरी तिला प्रतिजैविक लागते, ते कोणते आणि किती हे पशुवैद्याने ठरवायचे असते. मांजराच्या तोंडात सहज आढळणारा पाश्चुरेला हा जंतू कोंबड्यांना कॉलरा म्हणून ओळखला जाणारा घातक रोग घडवतो. लुई पाश्चर यांनी १८७९-८० मध्ये याच रोगावर काम करताना जंतू दुबळा करून लस बनवण्याची वाट शोधली, आणि त्या जंतूला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

शुश्रूषेचा उरलेला भाग जागेचा आणि हवेचा आहे. आजारी कोंबडी इतरांपासून वेगळी ठेवावी, कारण उघडी कातडी आणि रक्ताचा ठिपका दिसला की बाकीच्या टोचून टोचून जखम वाढवतात; मात्र त्यांचा आवाज तिला ऐकू येईल इतकी जवळ ठेवावी, कळपातला पक्षी एकटा पडला की खाणे सोडतो. तिला दांडी देऊ नये, उडी आणि पंखांची फडफड यांनी आतली फाट पुन्हा उसवते. खाली तूस किंवा लाकडाचा भुसा न टाकता जुने सुती कापड अंथरावे, कारण धूळ श्वासाबरोबर थेट मागच्या पिशव्यांत जाऊन बसते. त्याच कारणाने चुलीचा धूर, अगरबत्ती आणि डासांची कॉइल तिच्यापासून दूर असावी, आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापू देऊ नये, त्याच्या जादा तापलेल्या लेपातून निघणारी वाफ माणसाला जाणवतही नाही पण पक्ष्याला मारू शकते. ती किती खाते याचा अंदाज डोळ्यांनी चुकतो, कारण आजारी कोंबडी माणूस जवळ आला की दाणे टिपण्याचा नुसता आविर्भाव करते. दाणे उकरलेले दिसतात, पोटात गेलेले नसतात. म्हणून रोज ठरावीक वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचे वजन करावे आणि विष्ठा पाहावी. ती थोडी, पातळ आणि गडद हिरवी होऊ लागली तर पोटात अन्न जात नाही असे समजावे, आणि वजन सतत उतरत असेल तर फुगवटा ओसरला तरी कोंबडी बरी होत आहे असे मानू नये.

एका कोंबडीसाठी इतके करावे का, हा प्रश्न शेजारीपाजारी हमखास विचारतात, आणि बाजारभावाने पाहिले तर त्यांचे चूक नाही. तालुक्याच्या दवाखान्यात गाय, म्हैस आणि शेळी यांचा राबता अधिक असतो, १९६२ या क्रमांकावर बोलावता येणारी फिरती पशुवैद्यकीय पथकेही मुख्यतः मोठ्या जनावरांसाठी धावतात, आणि एकट्या कोंबडीला घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाकडे लोक नवलाने बघतात. तरीही रांगेत उभे राहावे. जो जीव माणसाने स्वतःच्या अंगणात आणला, ज्याला त्याने उडून जाण्याची सोय ठेवली नाही, त्याच्या दुखण्याची किंमत त्याच्या मांसाच्या भावाने ठरवणे न्यायाचे नाही. हाच न्याय उलट बाजूनेही लागू करावा लागतो : आठवड्यांमागून आठवडे गेले, छेद मिटला की फुगवटा पूर्ववत होतो, श्वासाला त्रास होतो आणि कोंबडी हाडावर आली, तर शस्त्रक्रियेचा पर्याय पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारावा, आणि तोही शक्य नसेल तर वेदनारहित मरण मागण्यात कमीपणा मानू नये. नुसते जगवत ठेवणे म्हणजे काळजी घेणे नव्हे.

बऱ्या झालेल्या कोंबडीबाबत दोन व्यावहारिक गोष्टी उरतात. प्रतिजैविक दिले असेल तर त्याचा अंश अंड्यात उतरतो, आणि औषध थांबल्यानंतरही पशुवैद्य सांगतील तितके दिवस ती अंडी खाऊ नयेत, विकू नयेत आणि शेजाऱ्यांना देऊही नयेत. तलंग पहिल्यांदाच अंड्यावर येत असेल तर हा मोह आवरणे घरच्यांना जड जाते, पण आवरावा. दुसरी गोष्ट कळपात परतण्याची. काही दिवस दूर राहिलेली कोंबडी परतली की तिची कळपातली जागा गेलेली असते आणि ती पुन्हा मिळवताना टोचाटोची होते, म्हणून आधी जाळीच्या आडून एकमेकांना दिसू द्यावे, मग संध्याकाळी बाकीच्या कोंबड्या झोपण्याच्या बेतात असताना तिला खुराड्यात सोडावे, आणि पुढचे काही आठवडे दांडी इतकी खाली बांधावी की तिला उडी न मारता, नुसते पाऊल उचलून वर चढता येईल.